मामांच्या चाकूतल्या मोहऱ्या

ऑगस्ट २०१९ मधली गोष्ट. कृष्णेचं पाणी ओसरून आठेक दिवस झाले असतील. मामांचं गाव पलूस तालुक्यात, नदीपासून हाकेच्या अंतरावर. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हा नदीकाठच्या गावांचं काय झालं असेल ते सांगायला नको. मामांच्या घरात छातीएवढं पाणी होतं आणि ते उतरल्यावर वीतभर चिखल मागे राहिला होता. मी साताऱ्याहून दोनदा जाऊन गाद्या, भिजलेल्या धान्याची पोती, पुस्तकं वगैरे बाहेर काढून आलो होतो. त्यामुळे मामांचा फोन आला तेव्हा वाटलं, पंचनाम्याचं काही असेल, नाहीतर मागची भिंत पडली असेल.

मामा म्हणाले, "आरं, तुझ्या चाकूतनं मोहऱ्या सांडल्या की रं."

मला क्षणभर काही कळेना. मग उलगडा झाला. दोन वर्षांपूर्वी मी त्यांना दिलेला घडीचा चाकू कपाटाच्या खणात पुराच्या पाण्यात बुडून राहिला होता. चिखल भरून तो उघडेना. मोबाइल रिपेअरवाल्याकडून चांदणीच्या तोंडाचा बारीक स्क्रू ड्रायव्हर आणून मामांनी तो खोलला, आणि आतून मोहरीएवढे गोळे टपाटप फरशीवर. काही चिखलात गेले, काही मोरीत. घर वाहून जाता जाता वाचलेला माणूस भाच्याने दिलेली वस्तू मोडली म्हणून अपराधी आवाजात बोलत होता!

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे आमचा पुतण्या. परवा त्याने विचारलं, "काका, घडीचा चाकू घ्यायचाय. बेअरिंगचा घेऊ की वॉशरचा?" मी कळवलं, "वॉशरचा घे." त्यावर त्याचं एक अक्षरी उत्तर, "का?" आता याला चार ओळींत काय सांगणार? म्हणून हे लांबण.

(आत्या हे वाचणार आणि नेहमीप्रमाणे म्हणणार, "कशाला तो गुंडासारखा चाकू खिशात ठेवायचा?" आत्या, तो सिनेमातला रामपुरी. हा सुतळी कापायचा.)

आधी ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी. घडीच्या चाकूचं पातं दोन पट्ट्यांच्या मध्ये बसतं आणि एका आडव्या स्क्रूभोवती फिरतं. हा स्क्रू म्हणजे पात्याचा आस. फिरताना पातं दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर घासणार, म्हणून मध्ये काहीतरी घालावं लागतं. जुनी पद्धत म्हणजे वॉशर, पातळ चकत्या. त्या चांगल्या चाकूत फॉस्फर ब्राँझच्या असतात, म्हणजे तांबं, कथील आणि किंचित फॉस्फरस. पोलादावर पोलाद घासलं की एकमेकांना ओरबाडतं, ब्राँझ तसं करत नाही. स्वस्तातल्या चाकूत नायलॉनच्या पांढऱ्या चकत्या येतात. नवी पद्धत म्हणजे बेअरिंग. दोन्ही बाजूंना एकेक प्लास्टिकची किंवा पितळेची कडी, तिच्या भोकांत बसवलेले दीड-दोन मिलिमीटरचे दहा-बारा छर्रे. पातं घासत नाही, छऱ्यांवर गडगडतं.

फरक हातात घेतल्याबरोबर कळतो. बेअरिंगचा चाकू बोटाने नुसता टिचकला की खट्कन उघडतो. वॉशरचा नवा चाकू नव्या जोड्यासारखा, आखडलेला. दुकानात दोन्ही समोर ठेवले तर दहातले नऊ जण बेअरिंगचा उचलतील. मीही तोच उचलला होता.

आणि माझ्याकडे तर कारणही होतं. मामांनी तीसेक वर्षं द्राक्षबागेत छाटणी कात्री चालवली. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, वर्षातून दोनदा, हजारो काड्या. त्या कात्रीने त्यांच्या उजव्या अंगठ्याचं मूळ धरलं. अंगठा वाकतो पण जोर लागत नाही, आणि थंडीत तर सकाळी नऊपर्यंत तो त्यांचा नसतोच. खिशात जुना पितळी पट्ट्यांचा चाकू होता. तो नखाने ओढून उघडावा लागायचा. ते जमेना, तेव्हा मामा तो दातांनी उघडायला लागले. मामी चिडायच्या. डॉगरिजच्या खुंटावर पाचर कलम करायचं काम हल्ली टोळी करते, त्यासाठी त्यांची त्यांची धारदार पाती असतात. पण कलमाची पट्टी कापणं, सुतळी, ठिबकची नळी, खताच्या पोत्याची शिवण, यांसाठी खिशातला चाकू दिवसातून पन्नास वेळा निघतो. दर वेळी कुणाला तरी हाक मारून "जरा उघडून दे रं" म्हणायचं हे मामांच्या स्वभावात बसणारं नव्हतं. ते हाक मारत नसत. दातांनी उघडत, नाहीतर काम तसंच सोडून देत.

म्हणून २०१७ च्या गणपतीत मी त्यांना बेअरिंगचा चाकू नेऊन दिला. त्यांनी ओसरीवर बसून तो एका बोटाने उघडला, मिटला, पुन्हा उघडला. शेजारच्यांना दाखवला. त्या दिवशीचा त्यांचा चेहरा माझ्या लक्षात आहे. बेअरिंगच्या बाजूने जे काही बोलायचं ते सगळं त्या चेहऱ्यात होतं, आणि ते मी नाकारत नाही. एका माणसाला स्वतःच्या हाताने स्वतःचा चाकू उघडता येणं ही लहान गोष्ट नव्हे.

पहिल्या हंगामातच तो कुरकुरायला लागला. बागेतली माती, मुरमाची बारीक धूळ, वेलीचा चीक. मामांनी त्यात खोबरेल सोडलं. खोबरेल तेल आपल्याकडच्या थंडीत गोठतं हे आंघोळीच्या बाटलीकडे बघून सगळ्यांना माहीत असतं, पण चाकूत सोडताना आठवत नाही. धूळ, चीक आणि गोठलेलं तेल, झाली खळ तयार. मी पुढच्या वेळी गेलो तेव्हा शिलाई मशीनच्या तेलाने धुऊन दिला. पुन्हा दोन महिन्यांत तेच. बोर्डो मिश्रणाची फवारणी चालू असताना चाकू सदऱ्याच्या खिशात होता, त्यानंतर छऱ्यांवर तांबूस डाग आणि गंज दिसायला लागला. मोरचुदाचं पाणी पोलादाला लागलं की असंच होतं, शाळेत खिळ्यावर तांबं चढवायचा प्रयोग आपण सगळ्यांनी केलाय.

इथे कुणीतरी म्हणेल, अहो, बेअरिंग धुळीत चालत नाहीत असं कसं? सायकलला बेअरिंग आहेत, ऊस वाहणाऱ्या टायरच्या गाडीला आहेत, पंपाला आहेत. बरोबर. मलाही हेच वाटायचं. पण त्या प्रत्येक ठिकाणी बेअरिंग बंद घरात राहतं. सायकलच्या हबवर धूळ अडवणारी टोपी असते आणि आत गच्च ग्रीस. टायरच्या गाडीच्या चाकालाही बाहेरून टोपी. पंपाच्या बेअरिंगला सील. घडीच्या चाकूला हे करताच येत नाही, कारण पातं आत जाण्यासाठी मूठ एका अंगाने उघडी ठेवावीच लागते. बेअरिंग बसवायचं पण घराला दार लावायचं नाही, असा हा प्रकार. शिवाय गच्च ग्रीस भरलं तर तो सुळ्ळकन उघडण्याचा गुण जातो, ज्यासाठी बेअरिंग घेतलं तोच.

साताऱ्याहून रेल्वेने मामांकडे जाताना किर्लोस्करवाडीला उतरतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं, पुढे कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर केले, आणि १९१० मध्ये कुंडलच्या माळावर औंधच्या राजांनी दिलेल्या जागेत कारखाना आणला. औंध आज सातारा जिल्ह्यात आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात, पण तेव्हा संस्थान एकच. त्या स्टेशनावर उतरताना मला दर वेळी वाटतं, या माणसाने छऱ्यांवर फिरणारी सायकलही विकली आणि शेतात, धुळीत, कडब्याच्या भुश्शात राबणारी यंत्रंही केली. मामांच्या गोठ्यात हाताने फिरवायची एक जुनी कडबाकुट्टी आहे (कुणाच्या कारखान्यातली ते आता वाचता येत नाही, अक्षरं झिजलीत). तिचा दांडा बुशमध्ये फिरतो. वर तेल सोडायचं भोक. भुस्सा आत जातो, तेलाबरोबर काळा होऊन बाहेर येतो, यंत्र चालत राहतं. बुश झिजला तर लेथवाला दुसरा करून देतो. वॉशर म्हणजे हाच बुश, चपटा केलेला. त्यावर कण आला तर तो ब्राँझमध्ये रुततो किंवा कडेला ढकलला जातो. छऱ्याखाली आलेला कण मात्र प्रत्येक फेरीला आडवा येतो, कारण छर्रा सगळा भार टाचणीच्या टोकाएवढ्या जागेवर टेकवून असतो. पट्ट्या ॲल्युमिनियमसारख्या मऊ असल्या आणि छऱ्यांखाली कडक पोलादाची चकती नसली, तर काही दिवसांनी तिथे गोल चरी उमटते. मामांच्या चाकूत ती उमटली होती, मी नंतर भिंगातून पाहिली.

आजीचा अडकित्ता आठवतो. त्याला ना वॉशर ना बेअरिंग, नुसता खिळा. चाळीस वर्षं सुपारी कातरून तो खिळखिळा झाला की आजोबा पाट्यावर ठेवून खिळ्याच्या डोक्यावर हातोडीचा एक टोला द्यायचे, पुढच्या दहा वर्षांची निश्चिंती. अर्थात जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतला मी नाही. फ्रान्सच्या सव्वॉ प्रांतातला ओपिनेल चाकू १८९० पासून चालत आलाय, लाकडी मुठीत पातं नुसतं घासत फिरतं. एका मित्राने मला तो भेट दिला. साताऱ्याच्या पावसाळ्यात लाकूड असं फुगलं की जुलै ते सप्टेंबर तो चाकू उघडलाच नाही! दिवाळीत आपोआप सुटला.

असो. पुराच्या फोनकडे परत येतो, कारण खरी गोष्ट मला त्या दिवशी मामांनी नाही, मामींनी सांगितली. मामांनी फोन त्यांच्याकडे दिला आणि बाहेर गेले. मामी हळू आवाजात म्हणाल्या, "मोहऱ्या पडल्या ते बरंच झालं बाबा. आता पुन्हा तसला देऊ नको त्यांना."

झालं होतं असं. २०१८ च्या ऑक्टोबरात छाटणीच्या दिवसांत मामांनी बागेत चाकू मिटायला घेतला. या चाकूचं लॉक म्हणजे मुठीच्या आतली एक पोलादी पट्टी. ती अंगठ्याने बाजूला दाबली की पातं सुटतं. आणि दाबणारा अंगठा नेमका पात्याच्या वाटेत असतो. तो चटकन काढून घ्यायचा, ही सवय. वॉशरचं पातं सुटलं तरी जागच्या जागी थांबतं, आपण ढकलू तेव्हा मिटतं. बेअरिंगचं पातं सुटलं की आपल्या वजनाने खाली येतं. मामांचा अंगठा चटकन निघणाऱ्यातला नव्हताच. तीन टाके पडले. मला कळवायचं नाही असं त्यांनी घरात बजावलं होतं, कारण भाच्याला वाईट वाटेल.

म्हणजे ज्या अंगठ्यासाठी मी तो चाकू निवडला, त्या अंगठ्याचा विचार मी उघडण्यापुरताच केला होता. मिटताना काय होईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. खरं सांगायचं तर विचार अंगठ्याचाही नव्हता. मला तो खट् आवाज आवडला होता. साताऱ्यात फोनवर बोलता बोलता मी माझा तसलाच चाकू उघडत-मिटत बसायचो, आणि माझी आवड मी मामांच्या खिशात घातली.

आता बेअरिंगच्या बाजूने जे खरं आहे तेही लिहितो, नाहीतर पुतण्या म्हणेल काकांनी भावनिक करून टाकलं. बेअरिंगचा स्क्रू घट्ट आवळला तरी पातं हलकंच राहतं. वॉशरमध्ये स्क्रूचा एक अष्टमांश फेरा इकडे केला तर पातं जाम, तिकडे केला तर डगमगतं, आणि मधली जागा सापडायला धीर लागतो. सापडल्यावर स्क्रूवर लॉकटाइटचा निळा थेंब द्यावा, नाहीतर ती हरवते. बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुळगुळीत, वॉशर एकमेकांना घासून रुळायला महिना-दोन महिने घेतात. सिरॅमिकचे छर्रे मिळतात, ते गंजत नाहीत. (मोरीत मात्र तेही जातात.) टेबलाच्या खणात राहणारा, कुरिअरची पाकिटं फोडणारा चाकू असेल तर बेअरिंगला नावं ठेवायचं काही कारण नाही. माझा अजून तोच आहे.

पण वॉशर म्हणजे स्वस्तातली, मागासलेली वस्तू हा समज चूक. दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेल्या ख्रिस रीव्हचा सेबेन्झा नावाचा चाकू आहे, किमतीत आपल्याकडे एखादी जुनी मोटरसायकल येईल. त्यात फॉस्फर ब्राँझचे वॉशरच असतात. झुलू भाषेत सेबेन्झा म्हणजे काम. कुणी तो घ्यावा असं मी म्हणत नाही, मी स्वतः फक्त चित्रात पाहिलाय. नायलॉनच्या चकत्या मात्र टाळाव्यात. सुरुवातीला मऊ लागतात, गंजत नाहीत, पण दाबाखाली हळूहळू बसतात आणि पातं आडवं हलायला लागतं.

पुतण्याला घेताना बघायच्या दोनच गोष्टी सांगतो. पातं आणि पट्टी यांच्या फटीत उजेडाकडे धरून बघ, लालसर पिवळी कड दिसली तर ब्राँझ, पांढरी दिसली तर नायलॉन. आणि लॉक सोडून पातं अर्ध्यावर आणून हात काढ. अंगठा लांब ठेव. पातं तिथेच थांबलं तर घे. तू ऑफिसात वापरणार म्हणतोस, पण तू ट्रेकला जाणार, चिखलात पडणार, चीज कापून न पुसता सॅकमध्ये टाकणार, आणि चाकू खोलून साफ करणाऱ्यातला तू नाहीस हे मला तू चार वर्षांचा असल्यापासून माहीत आहे.

२०१९ च्या दिवाळीत मी मामांना वॉशरचा चाकू नेऊन दिला, पात्याला अंगठा अडकवायला मोठं भोक असलेला. त्यांनी उघडून पाहिला आणि काही बोलले नाहीत. पहिला हिवाळा वाईटच गेला. एका हाताने उघडेना. मी दोनदा जाऊन स्क्रू सैल केला, वॉशर बारीक पॉलिश पेपरवर घासून आणले. संक्रांतीनंतर जरा रुळला. पण गणपतीतल्या त्या चाकूसारखा तो एका बोटाने कधीच उघडला नाही, आणि आता अंगठा तेव्हापेक्षाही आखडलाय. मामा तो दोन हातांनी उघडतात. दातांनी नाही, एवढं मामींकडून पक्कं करून घेतलंय. चिखल भरला तर डिझेलच्या वाटीत बुचकळतात, फडक्याने पुसतात, झालं. २०२१ मध्ये पुन्हा पाणी आलं तेव्हा तो त्यांच्या खिशातच होता.

मागच्या सप्टेंबरात गेलो होतो. टोळी कलमं करत होती, आम्ही दोघं बांधावर बसलो होतो. मामांनी पट्टी कापायला चाकू काढला, दोन हातांनी उघडला, कापली, आणि मिटता मिटता कुणाच्या तरी विहिरीच्या वादाची गोष्ट सांगायला लागले. पातं अर्ध्यावर होतं. गोष्ट लांबली. हातवारे झाले, चाकू धरलेला हात दोनदा विहिरीच्या दिशेने गेला, आणि पातं जिथे होतं तिथेच. मी गोष्टीपेक्षा त्या पात्याकडेच बघत होतो. मामी चहा घेऊन आल्या तेव्हा कुठे त्यांनी ते मांडीवर टेकवून मिटलं.